सिकंदराची कबर: पुरावा नेमका कुठपर्यंत पोचतो?

वाळूघड्याळ

सिकंदर इ.स.पू. ३२३ च्या जूनमध्ये बॅबिलॉनमध्ये वारला आणि पुढे त्याचं शव अलेक्झांड्रियात होतं, इथवर कोणाचा वाद दिसत नाही. त्यानंतर मात्र सगळा गोंधळ. दर काही वर्षांनी 'सिकंदराची कबर सापडली' अशी बातमी येते. कधी इजिप्तमधलं सीवाचं मरूद्यान, कधी ग्रीसमधली टेकडी, कधी व्हेनिसचं चर्च.

तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. कबर पाहिल्याची शेवटची भरवशाची नोंद कोणती? भर शहरातली एवढी प्रसिद्ध इमारत बेपत्ता होतेच कशी? आणि उद्या खरोखर एखादं थडगं सापडलं, तर ते त्याचंच हे कशावरून ठरवणार?

शिवाय 'माझे रिकामे हात शवपेटीबाहेर ठेवा' ही त्याची शेवटची इच्छा आपल्याकडे सतत फिरत असते. तिला काही आधार आहे का?

तळटीप

हातांचं आधी सांगतो. अरियन, प्लुटार्क, डायोडोरस, कर्टियस हे आपले मुख्य साधनग्रंथकार. यांपैकी एकाच्याही लिखाणात ती गोष्ट नाही. ती बरीच नंतरची नीतिकथा आहे. खऱ्या अंत्ययात्रेचं वर्णन डायोडोरसने अठराव्या खंडात दिलंय आणि ते वाचलं की या कथेला जागाच उरत नाही. शव मसाले घालून जतन केलेलं, मापाने घडवलेल्या सोन्याच्या पेटीत, वर सोन्याचं झाकण आणि त्यावर जांभळं वस्त्र. पेटी ज्या रथावर होती त्याचं सोन्याचं घुमटाकार छत ८ हात रुंद आणि १२ हात लांब, म्हणजे आजच्या हिशेबाने साधारण ३.७ बाय ५.५ मीटर. रथाला चार दांड्या, प्रत्येक दांडीला जुवांच्या चार ओळी, प्रत्येक ओळीत चार खेचरं: एकूण ६४. हा रथ तयार व्हायला जवळजवळ दोन वर्षं लागली.

निघाला तो इ.स.पू. ३२१ मध्ये. राज्याचा कारभार पाहणाऱ्या पेर्डिकसला शव मॅसिडोनियात, जुन्या राजांच्या स्मशानभूमीत न्यायचं होतं. सिकंदराचा सेनापती टॉलेमी (याच्याच वंशाने पुढे इजिप्तवर राज्य केलं) सैन्य घेऊन सीरियात आडवा आला आणि शव इजिप्तला घेऊन गेला. हे नुसतं भावनेचं प्रकरण नव्हतं. मॅसिडोनियात आधीच्या राजाला पुरण्याचा मान नव्या राजाचा, त्यामुळे शव ज्याच्या ताब्यात त्याचा दावा भक्कम. पेर्डिकसने त्यानंतर इजिप्तवर स्वारी केली, नाईल ओलांडताना त्याची शेकडो माणसं बुडाली आणि त्याच्याच अधिकाऱ्यांनी त्याला मारलं.

पहिलं दफन इजिप्तच्या जुन्या राजधानीत, मेम्फिसला. डायोडोरस शव थेट अलेक्झांड्रियात आणल्याचं लिहितो, पण पॅरोस बेटावरचा कालक्रमाचा शिलालेख मेम्फिस सांगतो, पॉसेनियस आणि कर्टियसही तेच म्हणतात. शिलालेख घटनेनंतर साठेक वर्षांत कोरलेला असल्याने मला तो जास्त विश्वासार्ह वाटतो. मग शव अलेक्झांड्रियात आलं आणि चौथ्या टॉलेमीने सिकंदर व स्वतःचे पूर्वज यांच्यासाठी एकच सामायिक स्मारक बांधलं. म्हणजे कबरी एकंदर तीन: मेम्फिसची, अलेक्झांड्रियातली पहिली आणि हे स्मारक. बातम्यांमध्ये या तिन्हींची सर्रास सरमिसळ होते.

पाहणाऱ्यांपैकी ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबो महत्त्वाचा, कारण तो अलेक्झांड्रियात राहिलेला होता. तो लिहितो की स्मारक राजवाड्यांच्या परिसरात आहे, आणि सोन्याची पेटी एका टॉलेमीने लुबाडल्यामुळे शव आता काचेसारख्या पारदर्शक पेटीत आहे. इ.स.पू. ३० मध्ये पुढे रोमन सम्राट झालेल्या ऑगस्टसने शव बाहेर काढायला लावून त्यावर सोन्याचा मुकुट ठेवला आणि फुलं वाहिली. हात लावताना नाकाचा तुकडा पडला असं कॅसियस डिओ सांगतो, पण 'असं म्हणतात' या पुस्तीसह. इ.स. २०० च्या सुमारास रोमन सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसने कबर बंद करवली. २१५ मध्ये सम्राट कॅराकॅला आला आणि त्याने आपला जांभळा झगा, अंगठ्या, कमरपट्टा तिथे काढून ठेवला. ही नोंद समकालीन इतिहासकार हेरोडियनची. शेवटची भरवशाची भेट हीच. चौथ्या शतकाच्या शेवटी ख्रिस्ती धर्मोपदेशक जॉन क्रिसोस्टम प्रवचनात विचारतो, 'सांगा, सिकंदराची कबर कुठे आहे?' उत्तर कोणालाच देता येणार नाही, हे त्याने गृहीत धरलेलं आहे.

थोडक्यात, २१५ ते साधारण ४०० या काळात ती गेली.

जुना_नकाशा

वरच्या प्रतिसादाला जोडून जागेबद्दल लिहितो. इथे दोन विधानं एकमेकांच्या विरोधात दिसतात. स्ट्रॅबो म्हणतो राजवाड्यांचा भाग, ग्रीक लेखक झेनोबियस म्हणतो शहराच्या मध्यभागी. राजवाडे ईशान्येला, समुद्राकाठी. पण स्ट्रॅबोच हेही सांगतो की राजवाड्यांनी शहराचा चौथा, किंबहुना तिसरा हिस्सा व्यापला होता. एवढा मोठा परिसर असेल तर त्याची दक्षिण कड शहराच्या मुख्य पूर्व-पश्चिम रस्त्याला भिडणारच, आणि दोन्ही विधानं एकाच वेळी खरी ठरतात. त्यामुळे मी तरी शोध घ्यायचा झाला तर हा रस्ता आणि पूर्वेकडचं बंदर यांच्यामधल्या पट्ट्यातच घेईन.

जुना रस्ता आपल्याला माहीत आहे तो महमूद अल-फलकी या इजिप्शियन खगोलशास्त्रज्ञामुळे. तिसऱ्या नेपोलियनला सीझरच्या चरित्रासाठी अलेक्झांड्रियाचा प्राचीन नकाशा हवा होता, म्हणून इजिप्तचा राज्यकर्ता खेडिव इस्माईल याने १८६५ च्या सुमारास हे काम फलकीला दिलं. त्याने ठिकठिकाणी खड्डे घेऊन जुन्या फरसबंदीचे तुकडे शोधले आणि ते जोडून रस्त्यांची चौकट उभी केली. त्या वेळी शहराचा बराच भाग मोकळा होता, आज ते काम कोणालाच जमणार नाही. मुख्य पूर्व-पश्चिम रस्ता आजही त्याच ओळीवर आहे. फलकीने कबर नबी दानियाल मशिदीजवळ दाखवली आणि तेव्हापासून ती जागा लोकांच्या डोक्यात पक्की बसली. मात्र शेजारच्या कोम अल-दिक्का टेकाडावर पोलिश पथक १९६० पासून खोदतंय. तिथे प्रेक्षागृह, स्नानगृहं, शिकवण्याची दालनं असा अप्रतिम रोमन व उत्तर-रोमन ऐवज निघाला, पण राजस्मारकाचा मागमूस नाही.

आता इमारत नाहीशी कशी होते, ते. आधी दगड पळवला जातो. संगमरवर चुन्याच्या भट्टीत जातो, ग्रॅनाइटचे खांब दुसऱ्या बांधकामात. अलेक्झांड्रियाच्या प्रसिद्ध दीपस्तंभाच्या जागी १४७७ मध्ये सुलतान कायतबेचा किल्ला उभा राहिला, त्यातही जुने दगड आहेत. मग जमीन खचते. अलेक्झांड्रियाचा किनारा काही मीटर खाली गेला असून राजवाड्यांचा एक भाग पूर्व बंदराच्या तळाशी आहे. १९९० नंतर पाणबुड्या पुरातत्त्वज्ञांनी तो नकाशावर आणला. उरलेल्यावर एकोणिसाव्या शतकात नवं शहर चढलं.

खोलीचा अडथळा सर्वांत मोठा. शल्लालात बागेत एक ग्रीक पथक टॉलेमींच्या थरापर्यंत पोचायला १० मीटरच्या आसपास उतरलं, आणि तिथे भूजल लागतं. अखंड पंप चालू ठेवावे लागतात. पंप थांबला की खड्डा भरतो, कडा ढासळतात, आणि शेजारी सहा मजली इमारती असताना पाणी उपसणं म्हणजे त्यांच्या पायाखालची माती सैल करणं. म्हणून मध्यवस्तीत उत्खनन होतं ते जुनी इमारत पाडून नवी उभी राहण्याच्या मधल्या काळात, ठेकेदार देईल तेवढ्या तुकड्यात. अशा सुट्या चौकोनांतून एखाद्या स्मारकाचा आराखडा ओळखणं फार अवघड आहे.

थरावरथर

या संदर्भात '२१ जुलै ३६५ च्या त्सुनामीत कबर वाहून गेली' असं हमखास लिहिलं जातं. ते खात्रीचं विधान म्हणून वापरू नका. क्रीटजवळच्या भूकंपाने लाट आली, अलेक्झांड्रियात जहाजं घरांच्या छपरांवर जाऊन पडली, हे चौथ्या शतकातला रोमन इतिहासकार अमियानस सांगतो. कबरीबद्दल एक शब्दही नाही. उलट ग्रीक वक्ता लिबानियसच्या इ.स. ३९० च्या आसपासच्या भाषणात अलेक्झांड्रियात दाखवल्या जाणाऱ्या सिकंदराच्या शवाचा उल्लेख आहे. तो अलंकारिक असू शकेल, पण त्सुनामीवाल्यांनी त्याचं उत्तर द्यायला हवं.

माझ्या मते जास्त संशयास्पद घटना आधीची आहे: रोमन सम्राट ऑरेलियनच्या काळातलं, म्हणजे २७० नंतरचं युद्ध. राजवाड्यांचा ब्रुखिओन भाग तेव्हा उद्ध्वस्त झाला असं अमियानसच लिहितो. इमारत तेव्हा पडली आणि शव दुसरीकडे हलवलं, ही शक्यता धरली तर लिबानियस आणि क्रिसोस्टम दोघांचंही म्हणणं जुळतं. हा तर्क आहे, पुरावा नाही.

आणखी एक. कबरीचा मुख्य भाग जमिनीखाली होता असं दिसतं. सीझर इ.स.पू. ४८ मध्ये खोदलेल्या गुहेत 'उतरला' असं लुकान कवी म्हणतो, आणि ऑगस्टससाठी शव आतल्या दालनातून बाहेर आणावं लागलं. वरची इमारत गेली तरी खडकात कोरलेलं दालन टिकू शकतं. अलेक्झांड्रियातल्या कोम अल-शुकाफाची तीन मजली भुयारी थडगी १९०० मध्ये एक गाढव खड्ड्यात पडल्यामुळे उजेडात आली, तोवर त्यांचा कोणालाच पत्ता नव्हता. त्यांचाही सर्वांत खालचा मजला पाण्यात होता.

वाळूघड्याळ

ब्रिटिश म्युझियममधली नेक्टानेबोची दगडी शवपेटी सिकंदरासाठी वापरली होती, हा दावा कितपत टिकतो?

तळटीप

टिकतो तो शक्यता म्हणून. ही सुमारे ७ टनांची पेटी अलेक्झांड्रियाच्या अत्तारीन मशिदीत होती. तळाजवळ भोकं पाडून तिचा हौद केला होता आणि स्थानिक लोक तिला सिकंदराशी जोडत. फ्रेंचांनी ती ताब्यात घेतली, १८०१ च्या शरणागतीत ती ब्रिटिशांकडे गेली. चित्रलिपी वाचता येऊ लागल्यावर नाव निघालं दुसऱ्या नेक्टानेबोचं, आणि सिकंदराचा दावा बाजूला पडला.

पण हा शेवटचा इजिप्शियन राजा पर्शियन आक्रमणापुढे पळून गेला होता, म्हणजे त्याची पेटी रिकामीच राहिली असणार. टॉलेमीला मेम्फिसला घाईने राजाच्या तोलामोलाची पेटी हवी होती. जुळणी आकर्षक आहे. अडचण अशी, की ती मेम्फिसला वापरली याचा एकही लेखी उल्लेख नाही, आणि अलेक्झांड्रियात फॅरोंच्या काळातले दगड इतर शहरांतून ढिगाने आणलेले आहेत.

इस्तंबूलच्या संग्रहालयातली 'सिकंदर शवपेटी' यात धरू नका. ती १८८७ मध्ये आजच्या लेबननमधल्या सिदोनला सापडली. तिच्यावर सिकंदर कोरलेला आहे, आत तो कधीच नव्हता. बहुतेक अभ्यासक ती सिदोनच्या अब्दालोनिमस राजाची मानतात.

अस्थिविचार

तिसऱ्या प्रश्नाकडे येतो. चाळण्या क्रमाने लावायच्या, स्वस्त आधी.

पहिली, दहन की दफन. सिकंदराचं शव जतन केलेलं होतं, जाळलेलं नव्हतं. जळकी हाडं निघाली की तिथेच थांबायचं. दुसरी, काळ आणि लेख. सीवाचा १९९५ चा दावा इथेच पडला: ग्रीक सरकारने पाठवलेल्या तज्ज्ञांना तिथले लेख रोमन काळातले दिसले. तिसरी, वय आणि लिंग: पुरुष, ३२ वर्षं. ग्रीसमधल्या अँफिपोलिसचा ४९७ मीटर घेराचा कास्ता ढिगारा २०१४ मध्ये जगभर गाजला. आत किमान पाच जणांची हाडं निघाली, त्यांत साठीच्या पुढची एक स्त्री आणि एक अर्भक.

यापुढची चाळणी मला सर्वांत मोलाची वाटते, ती म्हणजे जखमा. मध्य आशियात बाण लागून त्याच्या गुडघ्याखालच्या हाडाचा तुकडा उडाला, आणि पंजाबात मल्लांच्या गढीवर छातीत बाण रुतला, ज्याचं पातं प्लुटार्क तीन बोटं रुंद व चार बोटं लांब सांगतो. या दोन्हींनंतर तो जगला, म्हणून हाडावर भरून आलेल्या जखमेच्या खुणा हव्यात. कडा गोल झालेल्या, नवं हाड धरलेलं. धारदार कडा म्हणजे मृत्यूच्या वेळची किंवा नंतरची मोडतोड. बरगड्या पातळ असल्याने आधी कुजतात, त्यामुळे पायाचं हाड जपून तपासायचं.

डीएनएवर फार भिस्त ठेवू नका. तुलनेला निर्विवाद नातेवाईक लागतो. ग्रीसमधल्या व्हर्गिनाच्या (मॅसिडोनियाच्या राजांची स्मशानभूमी) दुसऱ्या थडग्यात त्याचा बाप फिलिप आहे की सावत्र भाऊ, हाच वाद मिटलेला नाही, आणि ती हाडं जळालेली आहेत. त्यापेक्षा दाताच्या एनॅमलमधलं स्ट्रॉन्शियम उपयोगी: बालपण कुठल्या भूगर्भाच्या प्रदेशात गेलं ते त्यावरून कळतं. तेही मॅसिडोनियापर्यंत नेईल, व्यक्तीपर्यंत नाही.

व्हेनिसचं प्रकरण मात्र चाचणीला सोपं आहे. ८२८ मध्ये अलेक्झांड्रियातून नेलेलं संत मार्कचं शव प्रत्यक्षात सिकंदराचं होतं, असा तो तर्क. संत मार्क इ.स. पहिल्या शतकातला, सिकंदर त्याच्या साडेतीनशे वर्षं आधीचा. कार्बनमापनात चौथ्या-तिसऱ्या शतकातला काळ शंभर-दीडशे वर्षांच्या रुंद पट्ट्यातच मिळतो, तरी एवढं अंतर त्यात स्वच्छ दिसतं. ग्रॅमभर हाड पुरतं. उत्तर पहिल्या शतकाचं किंवा त्यानंतरचं आलं तर तर्क संपला. इ.स.पू. चौथ्या शतकाचं आलं, तर लगेच नडगीकडे वळायचं.