टाइप टू मधुमेह: चूर्ण लागू पडत असेल तर गोळ्या कमी कराव्यात का?

कृष्णाकाठ:
माझ्या आईचे वय ५८ असून तिला टाइप टू मधुमेह होऊन सहा वर्षे झाली. सध्या ती मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅम दोन वेळा आणि ग्लिमेपिराइड १ मिलिग्रॅम नाश्त्यापूर्वी घेते. गेल्या महिन्यात तिचे एचबीएवनसी (म्हणजे गेल्या सुमारे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवणारी तपासणी) ८.१ आले. तीन आठवड्यांपूर्वी एका नातेवाइकांनी तिला एक चूर्ण आणून दिले. पुडीवर घटक, निर्माता, बॅच क्रमांक यांपैकी काहीही छापलेले नाही. जांभळाच्या बिया, गुडमार, मेथी आणि कारले एवढेच तोंडी सांगितले गेले. आठवडाभरातच तिची उपाशीपोटीची साखर १६५ वरून १०० च्या जवळ आली, त्यामुळे आता गोळ्या सोडाव्यात असे तिला वाटते. झाडपाल्याने अपाय होत नाही, असे मामांचे म्हणणे आहे. परंतु गेल्या आठवड्यात दोनदा, जेवणाच्या थोडे आधी, तिला दरदरून घाम सुटला आणि हात थरथरू लागले. हा अशक्तपणा समजावा की आणखी काही? आहारात आणि दिनक्रमात नेमके कोणते बदल करावेत, हेही जाणकारांनी सांगावे.

खलबत्ता:
मी औषधशास्त्र शिकवत असे, आता निवृत्त आहे. आधी घामाविषयी लिहितो, कारण तेवढीच गोष्ट आज तातडीची आहे. आपण वर्णन केलेली लक्षणे रक्तातील साखर फार उतरल्याची असू शकतात. असे पुन्हा झाल्यास ग्लुकोमीटरने लगेच तपासावे. आकडा ७० च्या खाली असेल तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. चूर्ण आजच थांबवावे, गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नयेत, आणि ती पुडी घेऊनच डॉक्टरांकडे जावे.

पुडी घेऊन जाण्यास सांगतो त्याला कारण आहे. मेथी आणि जांभूळ आठवडाभरात उपाशीपोटीची साखर पासष्ट अंकांनी उतरवतील, यावर माझा विश्वास बसत नाही. वनौषधी म्हणून विकल्या जाणाऱ्या उत्पादनांत ग्लिबेनक्लामाइडसारखे साखर उतरवणारे रासायनिक औषध गुपचूप मिसळलेले आढळल्याच्या घटना अनेक देशांत नोंदल्या गेल्या आहेत. आपल्या पुडीत तसेच आहे असे मी म्हणत नाही. परंतु ग्लिमेपिराइड त्याच वर्गातले औषध असल्याने, तसे असेल तर आईंना नकळत दुप्पट मात्रा मिळत असेल.

मामांना एवढेच सांगावे की मेटफॉर्मिनचे मूळही एका झाडपाल्यातच आहे. युरोपात गॅलेगा नावाची वनस्पती मधुमेहासारख्या लक्षणांवर वापरत असत. तिच्यातील द्रव्यांच्या अभ्यासातून हा औषधवर्ग निघाला, १९२२ साली मेटफॉर्मिन प्रयोगशाळेत तयार झाले आणि १९५७ मध्ये फ्रान्समध्ये ते रुग्णांना दिल्याचे प्रसिद्ध झाले. ज्या वनस्पतीचा गुण येतो तिची मात्राही मोजावीच लागते. मेथीच्या बियांत विरघळणारे तंतू भरपूर असल्याने पिष्टाचे शोषण मंदावते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने १९९० च्या सुमारास यावर अभ्यास केले होते. विजयसारावर, म्हणजे आपल्या बिबल्यावर, भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची चाचणी १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली; निष्कर्ष आशादायक होते, पण ती खुली चाचणी होती, म्हणजे कोणते औषध दिले जात आहे हे रुग्ण व डॉक्टर दोघांनाही माहीत होते, त्यामुळे त्यावर फार मोठा डोलारा उभारता येत नाही. गुडमाराची पाने चघळल्यावर जिभेला गोड चव लागेनाशी होते, हे मात्र कोणीही स्वतः पाहू शकते.

दुधी-कारल्याचा रस घरी काढत असाल तर दुधीचा तुकडा आधी चाखून पाहावा आणि कडू लागल्यास टाकून द्यावा. २०१० साली दिल्लीत असा रस प्यायल्यावर एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला होता.

अनुपान:
मी आयुर्वेदाची पदवीधर असून वीस वर्षे व्यवसाय करते. खलबत्ता सरांच्या म्हणण्याशी सहमत आहे. फक्त निनावी पुडीला आयुर्वेद समजले जाऊ नये. चरकांनी प्रमेहाचा (मधुमेह ज्यात मोडतो त्या विकाराचा) रुग्ण स्थूल व बलवान आहे की कृश व दुर्बल, हे आधी पाहण्यास सांगितले आहे. पहिल्याला शोधन (शरीरशुद्धी), तर दुसऱ्याला बृंहण (पोषण), म्हणजे चिकित्सेची दिशाच उलट. एकच चूर्ण सर्वांना वाटणारा मनुष्य हा पहिला प्रश्नच विचारत नाही. मेथी घ्यायची असल्यास भिजवलेली एक चमचा मेथी स्वयंपाकाचा भाग म्हणून घ्यावी, आणि तंतूंमुळे औषधाचे शोषण लांबू शकते म्हणून गोळ्यांपासून तासभर तरी अंतर ठेवावे. आपल्या वैद्यांना गोळ्यांची नावे आणि डॉक्टरांना काढ्यांची नावे सांगण्याचा संकोच करू नये. लपवाछपवीनेच निम्मे घोटाळे होतात. आणि सुश्रुतांनी निर्धन प्रमेही रुग्णाला शंभर योजने (योजन हे अंतराचे प्राचीन माप) पायी चालण्यास सांगितले आहे, त्याला तर कोणतीच पुडी लागत नाही!

पर्वतीच्या पायऱ्या:
मला हा आजार अकरा वर्षे आहे, म्हणून दिनक्रमाविषयी लिहितो. आई अंगाने बारीक असल्या तरी कंबर मोजावी. आपल्याकडे स्त्रियांसाठी ८० आणि पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर ही मर्यादा धरतात. आमच्या पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःची तुलना डॉ. युडकिन या ब्रिटिश सहकाऱ्याशी केली होती: दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) २२.३, पण चरबी युडकिनांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के.

माझी सर्वांत मोठी चूक भाकरीची. ज्वारी चांगली असे ऐकून मी दोन पोळ्यांऐवजी तीन भाकऱ्या खाऊ लागलो आणि साखर हलेना, म्हणून वैतागलो. ज्वारी काय, गहू काय, शंभर ग्रॅम पिठात साठ-सत्तर ग्रॅम पिष्टमय पदार्थ असतातच. मग एकच भाकरी, तिच्याआधी कोशिंबीर व उसळ, आणि जेवणानंतर पंधरा मिनिटे सोसायटीच्या आवारात फेऱ्या, असा क्रम लावला. चालणारे स्नायू इन्शुलिनची फारशी वाट न पाहता साखर ओढून घेतात, त्यामुळे जेवणानंतरचा आकडा मला चाळीस-पन्नासने कमी दिसू लागला. एका वेळी एकच बदल करावा आणि जेवणानंतर दोन तासांनी मोजून वहीत लिहावे, नाहीतर गुण मेथीचा की फेऱ्यांचा, हे कळत नाही.

डॉ. जिचकारांची दोन वेळा जेवण्याची पद्धत आपल्याकडे अनेकजण पाळतात. परंतु ग्लिमेपिराइड चालू असताना नाश्ता सोडणे धोक्याचे आहे, तेव्हा आधी मात्रा बदलून घ्यावी. ग्लिफ्लोझिन वर्गातील (साखर लघवीवाटे बाहेर टाकणारी) गोळी चालू असेल तर कडक उपास आणखीनच जपून करावेत.

कृष्णाकाठ:
सर्वांचे आभार. परवा साडेअकराला तपासले तेव्हा आकडा ५८ आला, साखरपाण्यानंतर ९४. डॉक्टरांनी चूर्ण बंद केले, ग्लिमेपिराइड तूर्त थांबवून मेटफॉर्मिन वाढवले आणि दोन आठवड्यांची वही मागितली आहे. ते ऐकून मामा गप्प झाले आहेत. आता एकच शंका: आई एकादशी सोडणार नाही. साबुदाण्याऐवजी भगर चालेल का?

पर्वतीच्या पायऱ्या:
साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध पिष्ट, त्यामुळे भगर बरी. पण तीही धान्यासारखीच मोजून, शिजवलेली एक छोटी वाटी. सोबत शेंगदाण्याची आमटी, काकडी आणि ताक घ्यावे, बटाटा व रताळे त्या दिवशी टाळावे. एकादशीचा दोन तासांनंतरचा आकडाही वहीत लिहायला सांगा. आमच्या घरी खिचडी बंद झाली ती तो आकडा पाहूनच.