किरणोत्सारी आयोडीनच्या उपचारातील किती भाग व्हिडिओ कॉलवर होऊ शकतो?

प्रश्न (कळमनुरी, जि. हिंगोली; २०२०):
माझ्या आईच्या थायरॉईड कर्करोगाची शस्त्रक्रिया फेब्रुवारी २०२० मध्ये औरंगाबादला झाली. पुढचा, उरलेल्या थायरॉईड पेशी नष्ट करणारा किरणोत्सारी आयोडीनचा उपचार टाळेबंदीमुळे राहिला आहे. नुसत्या सल्ल्यासाठी तिला दोनशेहून अधिक किलोमीटर नेण्याचे धाडस होत नाही. मानेत पुन्हा गाठ जाणवते, म्हणून येथील डॉक्टरांनी नांदेडला कॉन्ट्रास्टसह (प्रतिमा ठळक दिसावी म्हणून शिरेतून औषध देऊन) सीटी काढून त्याचे फोटो औरंगाबादला व्हॉट्सॲपवर पाठवण्यास सुचवले आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (न्यूक्लिअर मेडिसिन म्हणजे किरणोत्सारी औषधांनी उपचार करणारे डॉक्टर, औरंगाबाद):
उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याखेरीज तो सीटी काढू नये. कॉन्ट्रास्टमध्ये आयोडीन भरपूर असते. ते शरीरात गेले की उरलेल्या थायरॉईड पेशी उपचाराचे आयोडीन पुरेसे शोषत नाहीत आणि डोस महिना-दोन महिने लांबतो. गाठीसाठी आधी सोनोग्राफी करता येते आणि ती जवळपासही होईल.

केंद्र सरकारच्या २५ मार्च २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार नोंदणीकृत डॉक्टर व्हिडिओवर सल्ला देऊ शकतात. पॅथॉलॉजीचा अहवाल व थायरोग्लोब्युलिन (थायरॉईड पेशींतून रक्तात येणारे प्रथिन) पाहणे, आयोडीनयुक्त मीठ कधीपासून टाळायचे ते सांगणे, डोसनंतर घरातील लहान मुलांपासून अंतर कसे ठेवता येईल याची चौकशी करणे, हे सारे दूरवरून होते. आमच्या पहिल्या भेटीतला बहुतेक वेळ तसाही याच बोलण्यात जातो.

तारीख पक्की होण्याआधी थायरॉक्सिनची (थायरॉईड संप्रेरकाची) गोळी मात्र मनाने बंद करू नका. टीएसएच (थायरॉईड पेशींना चालना देणारे संप्रेरक) ३० च्या वर जावा आणि त्या पेशींनी आयोडीन शोषावे म्हणून ती साधारण तीन-चार आठवडे आधी थांबवतात. अशा वेळी ई-पास (टाळेबंदीतील प्रवासाचा परवाना) न मिळून तारीख हुकली, तर रुग्णाला सुस्ती आणि सूज विनाकारण सोसावी लागते. शिवाय उपचाराच्या आयोडीन-१३१ चे अर्धायुष्य (किरणोत्सार निम्मा होण्याचा काळ) सुमारे ८ दिवसांचे असल्याने ठरलेल्या दिवसासाठी मागवलेली मात्रा आपली वाट पाहत थांबत नाही. डोससाठी आणि नंतरच्या स्कॅनसाठी यावेच लागेल, आणि येण्याआधी कोरोनाची चाचणी करून घ्यावी, कारण विलगीकरणाच्या खोलीत डोस घेतलेला रुग्ण बाधित निघाला तर त्याच्याजवळ जाणे परिचारिकांना संसर्ग आणि किरणोत्सार अशा दुहेरी जोखमीचे ठरते.

उत्तर २ (रेडिओलॉजिस्ट, लातूर):
फोटोंविषयी थोडे. खिडकीच्या उजेडात धरलेल्या फिल्मचा मोबाइलवरचा फोटो पाहून मत देण्याची वेळ हल्ली रोज येते, आणि दर वेळी मी मूळ फाइलच मागतो. फिल्मवर प्रतिमेचा उजळपणा ठरलेला असतो. डायकॉम फाइलमध्ये (स्कॅनच्या मूळ डिजिटल फाइलमध्ये) तो बदलून फुप्फुस, हाडे आणि मऊ ऊती वेगवेगळ्या पाहता येतात. व्हॉट्सॲपवर प्रतिमा आणखी आकसते आणि फुप्फुसातील बारीक गाठी नेमक्या त्यातच हरवतात. कोणतीही तपासणी केली तरी तपासणी केंद्राकडून सीडी किंवा लिंक आवर्जून घ्यावी.

प्रश्नकर्ता:
आपणा दोघांचे आभार. सीटी थांबवला असून सोनोग्राफी उद्या हिंगोलीला आहे. आईला फोनवर नीट ऐकू येत नाही. व्हिडिओ कॉलवर तिच्याऐवजी मी बोललो तर चालेल का?

उत्तर १:
आपण जरूर बोला, पण त्यांना शेजारी बसवा. मानेवरचा व्रण मला पाहायचा आहे आणि संमतीही त्यांच्याच तोंडून हवी.