प्रतिसाद: कवळीसाठी 18 व्या वर्षापर्यंत थांबू नका

ताई, तुमच्या 5 वर्षांच्या भाच्याला एक्टोडर्मल डिसप्लेसिया (जन्मजात आजार, यात बरेच दात येतच नाहीत) आहे आणि 'इम्प्लांट (जबड्याच्या हाडात पक्का बसवलेला कृत्रिम दात) 18 नंतर, तोवर थांबा' असं सांगितलंय, म्हणून लिहितेय. इम्प्लांटचं सहसा खरंच आहे. ते हाडाला घट्ट चिकटतं. जबडा वाढतो, ते मात्र होतं तिथेच राहतं. पण म्हणून पोराने तोवर बोळकं घेऊन शाळेत जायचं? काढता-घालता येणारी छोटी कवळी या वयातही बसते. जबडा वाढेल तशी बदलावी लागते, एवढंच. आहेत ते टोकदार दात उगाच काढू देऊ नका! कंपोझिट (दाताच्या रंगाचं भरण) लावून त्यांना आकार देता येतो, कवळीला आधार मिळतो, हाडही टिकतं.

मुंबई सेंट्रलच्या नायर दंत महाविद्यालयात बालदंत विभागात दाखवा. जाल तेव्हा सकाळी लवकर निघा. या मुलांना बऱ्याचदा घाम कमी येतो, लोकलच्या गर्दीत अंग तापतं. ओला रुमाल जवळ असू द्या.