प्रतिसाद : बर्लिनच्या पार्श्वभूमीवरील हेरकथा

‘द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड’ वाचताना पूर्व जर्मनीची माहिती नसल्यामुळे कथानक हाती लागत नाही, असा आक्षेप वर नोंदवला गेला आहे. तो मला पूर्णपणे पटत नाही. जॉन ल कारे यांची ही कादंबरी १९६३ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा बर्लिनची भिंत उभी राहून जेमतेम दोन वर्षे झाली होती. स्वतः लेखक त्या सुमारास बॉन येथील ब्रिटिश दूतावासात हेरखात्याचेच काम करत होते. त्यामुळे तपासणी नाक्यावर आपल्या माणसाची वाट पाहणारा ब्रिटिश हेर लीमस आणि सायकलवरून सीमा ओलांडू पाहणारा त्याचा हस्तक कार्ल, हे पहिलेच प्रकरण कोणत्याही पूर्वतयारीशिवाय अंगावर येते.

अडचण येते ती पुढे, मुंट आणि फीडलर या पूर्व जर्मन अधिकाऱ्यांमधील वैरापाशी. एक जुना नाझी, दुसरा ज्यू, आणि दोघेही एकाच साम्यवादी राजवटीच्या गुप्तहेर खात्यात अधिकारी, ही विसंगती युद्धोत्तर जर्मनीचा इतिहास ठाऊक असेल तर अधिक बोचते, हे खरे. (शेवट येथे सांगत नाही, काहींचे वाचन अजून चालू आहे.) तथापि लीमसची प्रेयसी आणि ब्रिटिश साम्यवादी पक्षाची सदस्य असलेल्या लिझला पूर्व जर्मनीतील लाइपझिगमध्ये पक्षाच्या सभेला मोजकीच, कंटाळलेली माणसे दिसतात, तो प्रसंग जरूर सावकाश वाचावा. लंडनमधील तिच्या पक्षशाखेची अवस्था याहून वेगळी नव्हती, आणि ज्या देशाविषयी ती इतकी श्रद्धा बाळगून होती, त्याची ओळख लेखक तेथे कोणतेही भाष्य न करता करून देतो.