सई म्हणजे साई नव्हे!

वेलांटी: कालच्या बाळनावांच्या धाग्यात एकाने ठोकून दिलंय, "सई हे साईचं लाडकं रूप, शिर्डीमुळे घराघरांत गेलं." वर अंगठ्यांचा पाऊस! अहो, साईबाबांनी देह ठेवला १९१८ साली. फलटणच्या निंबाळकरांची लेक सईबाई राजगडावर वारली १६५९ मध्ये. साई येतं ‘स्वामी’वरून, सई ‘सखी’वरून. प्राकृतात दोन स्वरांमधल्या ख चा ह होतो: मुख-मुह, सखी-सही. पुढे तो ह गळाला की सई. गाथासप्तशती या जुन्या प्राकृत काव्यसंग्रहातल्या बायका मैत्रिणीला ‘सहि’ अशीच हाक मारतात.

गावकूस: त्या ग्रंथाचं प्राकृत नावच ‘सत्तसई’. म्हणजे सई थेट मुखपृष्ठावर! 😀

वेलांटी: ती सई ‘शती’ची. तिथे त गळालाय. दिसायला जुळ्या, आया वेगळ्या.

कोरडा_पाव: व्युत्पत्ती मान्य. पण आजचे आईबाप काय प्राकृत चाळून नाव ठेवतात? दोन अक्षरं, जोडाक्षर नाही, वर नटीचं नाव. झालं!

वेलांटी: सई परांजपे १९३८ च्या. तेव्हा कुठली नटी?

कोरडा_पाव: एका परांजप्यांनी लाट येत नाही.

पाटीपेन्सिल: लाट राहू द्या, इंग्रजीत काय लिहिणार ते बोला. एस-ए-आय लिहिलंत की महाराष्ट्राबाहेर ‘साई’च वाचणार, आणि तिकडे साई मुलगाही असतो. जन्मदाखल्यावर एक आणि आधारवर दुसरं स्पेलिंग झालं की पासपोर्टला अडकलात. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. म्हणून स्पेलिंग आधी ठरवा, मग जन्मनोंदीत नाव घाला. नोंदणीपासून १२ महिन्यांत ते फुकट होतं, पुढे १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क. एस-ए-ई-ई त्यातल्या त्यात बरं.

कोरडा_पाव: मध्ये वाय घाला की.

पाटीपेन्सिल: घाला! पहिली तीन अक्षरं बघून समोरचा ‘से’ म्हणूनच सुरुवात करेल. बोलायला काय जातंय, रांगेत तुम्ही नसता.

गावकूस: भांडताय कशाला? रोमनमध्ये अ ला आणि आ ला एकच ए, तिथेच घोळ. कालच्या धाग्यात ती पोस्ट टाकणारा बहुधा स्पेलिंग वाचूनच फसला असणार.

वेलांटी: हे मात्र पटण्यासारखं आहे. अंगठे देणाऱ्यांना माफी नाही.

कोरडा_पाव: बरं बाई, साई नाही, सई. पण एस-ए-ई-ई बघून बँकेत कुणी ‘सी मॅडम’ अशी हाक मारली, तर नवा धागा काढू नका.