मदत हवी आहे: ती फेमस रिफ ओरिजिनलला जुळतच नाहीये (अर्जंट!!)

वैतागलेला_तारकर: लोकहो, ती फेमस रिफ (गाण्यात परत परत येणारी गिटारची छोटी चाल) बसवतोय, गिटार हातात आली की जो तो पहिली वाजवतो तीच. बोटं बरोबर पडतायत, व्हिडिओ पन्नास वेळा बघून झाला, एकटा वाजवतो तेव्हा झकास वाटतं पण गाणं लावून सोबत वाजवलं की नुसता कलकलाट. शनिवारी वाजवायचीय. ट्यूनर सहाही तारांना हिरवा दाखवतोय, त्यामुळे "आधी ट्यून करा" हे कृपा करून कोणी सांगू नका.

रेवा_ठाणे: गाण्याचं नाव? आम्हाला क्लासमध्ये पहिलं हॅपी बर्थडे शिकवलं होतं.

वैतागलेला_तारकर: अहो टॅन टॅन टॅऽऽन, टॅन टॅन ट-टॅऽन! डीप पर्पल बँडचं! स्मोक ऑन द वॉटर! दुसरं काय असणार

अँपबहाद्दर: तुमचा प्रॉब्लेम गिटारमध्ये नाहीच, अँपमध्ये (गिटारचा आवाज वाढवणाऱ्या स्पीकरमध्ये) आहे. छोट्या प्रॅक्टिस अँपवर तो आवाज जन्मात येणार नाही, ट्यूबवालाच घ्या. मी गेल्या दिवाळीत घेतला, शेजारी बोलत नाहीत आता.

वैतागलेला_तारकर: अकूस्टिक आहे हो माझी, अँप लागतच नाही.

अँपबहाद्दर: मग हे आधी सांगायचं ना!

बाल्कनीतला_रॉकर: शनिवारी कुठे आहे कार्यक्रम?

वैतागलेला_तारकर: ऑफिसात. साहेब रिटायर होतायत, त्यांचं कॉलेजपासूनचं आवडतं गाणं. त्याचा इथे काय संबंध?

मी_सोलापूरकर: निरोप समारंभाला आगीचं गाणं? साहेबांनी अप्रेझलमध्ये काही केलं होतं का 😂

बाल्कनीतला_रॉकर: हसू नका, आग खरी होती. 4 डिसेंबर 1971, स्वित्झर्लंडमधलं माँत्रो. कॅसिनोत फ्रँक झापा या रॉकवाल्याचा शो चालू आणि कोणा येड्याने फ्लेअर गन (पेटता गोळा उडवणारी बंदूक) छताकडे झाडली. अख्खा कॅसिनो जळाला, झापाचं सामानही गेलं. डीप पर्पलवाले तिथेच अल्बम रेकॉर्ड करायला आले होते, रोलिंग स्टोन्सचा रेकॉर्डिंगचा ट्रक भाड्याने घेऊन. हॉटेलातून बघतायत तर जिनिव्हा सरोवरावर धूर पसरलेला. नाव सुचलं बासवाल्या रॉजर ग्लोव्हरला, झोपेतून उठता उठता. गाण्यात जो 'फंकी क्लॉड' येतो तो क्लॉड नॉब्स, माँत्रोच्या जॅझ महोत्सवाचा माणूस, त्याने पोरांना आतून बाहेर काढलं. मग यांनी दुसरं थिएटर धरलं, तिथे रात्री हाच ट्रॅक वाजवताना शेजाऱ्यांनी पोलीस बोलावले. शेवटी हिवाळ्यात बंद पडलेल्या ग्रँड हॉटेलच्या कॉरिडॉरमध्ये गाद्या लावून बाकीचा अल्बम केला.

अँपबहाद्दर: शेजाऱ्यांचा त्रास सगळीकडे सारखाच.

वैतागलेला_तारकर: छान माहिती, पण माझी रिफ??

रेवा_ठाणे: पिकने (तार छेडायच्या प्लास्टिकच्या तुकड्याने) वाजवताय का? रेकॉर्डवरचा गिटारवाला ब्लॅकमोर ती पिकने वाजवत नाही, दोन तारा दोन बोटांनी एकदम उचलतो. म्हणून ते टणक वाजतं.

मी_सोलापूरकर: कशाला एवढं, सरळ पॉवर कॉर्ड (सा आणि वरचा प एकदम) लावायचे. सगळे तसंच वाजवतात.

रेवा_ठाणे: सगळे तसं वाजवतात म्हणूनच सगळ्यांचं चुकतं. पॉवर कॉर्डमध्ये पंचम वर असतो, इथे तो सा च्या खाली आहे, दोन सुरांत चौथ्याचं (सा ते म एवढं) अंतर. मधल्या डी आणि जी तारा घ्या, दोन्ही सोबत. मोकळ्या, तिसरा फ्रेट (गिटारच्या दांड्यावरचा खाना), पाचवा. मोकळ्या, तिसरा, सहावा, पाचवा. मोकळ्या, तिसरा, पाचवा, तिसरा, मोकळ्या. बास.

पेटीवाला_मास्तर: आमच्या भाषेत सांगतो. सा ग म, सा ग तीव्र म म, सा ग म ग सा. गंधार कोमल. तो तीव्र मध्यम निसटता लागतो तिथेच खरी मजा आहे. दोन्ही मध्यम लागोपाठ, म्हणजे ललितच म्हणा की.

रेवा_ठाणे: मास्तर, ललितात गंधार शुद्ध असतो.

पेटीवाला_मास्तर: मान्य. पण संध्याकाळी सातला ही रिफ पेटीवर वाजवली तेव्हा आमच्या मंडळींनी विचारलं, हा कुठला राग, छान आहे.

मी_सोलापूरकर: माझ्या काकांनी मुंबईत 1995 ला लाइव्ह ऐकलंय, ब्लॅकमोरला अगदी समोरून बघितलं.

बाल्कनीतला_रॉकर: काकांना म्हणावं चष्मा बदला. मी पण होतो तिथे, एप्रिलमध्ये. ब्लॅकमोर 1993 लाच सोडून गेला होता, गिटारवर स्टीव्ह मॉर्स होता. आणि गंमत म्हणजे या गाण्यावर बँडचाच भरवसा नव्हता, अल्बम आला 1972 ला तेव्हा सिंगल (एकाच गाण्यासाठी काढलेली वेगळी रेकॉर्ड) म्हणून भलतंच गाणं काढलं. हे 1973 ला सिंगल झालं आणि अमेरिकेत चौथ्या नंबरपर्यंत गेलं. 1989 ला तर आर्मेनियाच्या भूकंपग्रस्तांसाठी ब्रायन मे, गिलमोर, आयोमी अशा बड्या गिटारवाल्यांनी मिळून हेच परत रेकॉर्ड केलं.

वैतागलेला_तारकर: मंडळी, आज बुधवार आहे. मी एकाच तारेवर वाजवतोय, वरच्या जाड्या तारेवर, मोकळी, तिसरा, पाचवा असंच. व्हिडिओत तसंच होतं.

रेवा_ठाणे: अरे देवा!! जाडी तार म्हणजे ई ची. गाणं जी च्या पट्टीत आहे. चाल बरोबर पण पट्टी चुकीची, कसं जुळणार?

पेटीवाला_मास्तर: पेटीच्या हिशोबात गायक पांढरी पाचमध्ये (जी) आणि हे पांढरी तीन (ई) धरून बसलेत. एकट्याला झकासच वाटणार.

अँपबहाद्दर: म्हणजे अँपचा प्रॉब्लेम नव्हता.

वैतागलेला_तारकर: जुळलं!! मधल्या दोन तारा, पिक फेकून दिलं, पहिल्या फटक्यात बसलं. बायको आतून म्हणाली आत्ता कुठे गाणं वाटतंय. रेवाताई, लय उपकार. पण आता नवीन लफडं, कीबोर्डवाल्याचा मेसेज आलाय, शनिवारी जमणार नाही म्हणतो. रिफमध्ये ऑर्गन नसेल तर पोकळ वाटेल का?

बाल्कनीतला_रॉकर: वाटणारच. त्यांचा कीबोर्डवाला जॉन लॉर्ड हॅमंड ऑर्गन मार्शलच्या गिटार अँपमधून वाजवायचा, तो घरघराट म्हणजे अर्धं गाणं आहे.

वैतागलेला_तारकर: मास्तर, तुम्ही पुण्यात असता का हो?

पेटीवाला_मास्तर: साताऱ्यात. पण शनिवार मोकळा आहे. माईक आणि डिस्टॉर्शनचं पेडल (आवाजाला तो घरघराट देणारं) तेवढं तुम्ही आणा.