गिलकी आली भरपूर, ह्यांना मात्र नको

ए-००२ (तळमजला): नमस्कार सोसायटीतल्या सगळ्यांना. मागच्या वेलाला गिलकी (घोसाळी) लगडली आहेत. भेंडी आणि गवारही चालू आहे. रोहिणी लागल्या, ऊन अजून चाळिशीच्या आसपास, तरी वेल थांबायला तयार नाही. अडचण घरात आहे. आमच्या ह्यांना बटाटा, मटकीची उसळ आणि पिठलं सोडून भाजी जात नाही. गिलकं म्हटलं की ताट बाजूला. विकत आणायची असती तर आणलीच नसती, पण आपण पाणी घालून वाढवलेलं टाकवत नाही. आणि दोघांच्या घरात रोज दोन भाज्या मला करायच्या नाहीत. तुम्ही काय करता?

सी-४०१: ताई, किसून थालीपिठात घाला. कळतसुद्धा नाही. आमच्याकडे दुधी असाच खपतो.

बी-३०२ काकू: थालीपीठ जरूर करा, पण सांगून करा. लपवून घातलेलं एकदा कळलं की माणूस थालीपीठसुद्धा उलटंपालटं करून बघतो, आणि आवडीचा एक पदार्थ हातचा जातो. मुलांच्या बाबतीत ठीक आहे, मोठ्या माणसाशी जेवणात लपवाछपवी नको. आधी त्यांना सरळ विचार, नेमकं काय आवडत नाही? चव, वास की तोंडात कसं लागतं ते?

ए-००२: विचारलं काकू. म्हणाले, "पाणी पाणी होतं, गिळगिळीत लागतं." पण गिलक्याची भजी मात्र आवडीने खातात!

बी-३०२ काकू: मग चव आवडतेच की त्यांना. गिळगिळीतपणा तेवढा काढायचा.

गिलक्यात पाणीच पाणी असतं. आपण फोडणीत टाकतो, लगेच मीठ घालतो, वर झाकण ठेवतो. मिठाने पाणी सुटतं आणि ते झाकणाखाली अडकतं. भाजी परतली न जाता उकडते. तू असं कर. कोवळीच घे, वितीपेक्षा लांब नको. सालाच्या रेषा हलक्या खरवड, सगळं साल काढू नकोस. बोटाच्या पेराएवढ्या जाड फोडी कर, पातळ चकत्या विरघळतात. लोखंडी कढई चांगली तापू दे. तेल, मोहरी, जिरं आणि ठेचलेला लसूण, लसणात हात आखडू नकोस. फोडी टाकल्या की मोठी आच, झाकण नाही, सारखं ढवळणं नाही. कढईत गर्दी होत असेल तर दोनदा कर. कडा तांबूस झाल्या की काळा मसाला आणि जाडसर शेंगदाण्याचा कूट. राहिलेलं पाणी कूट ओढून घेतो. मीठ अगदी शेवटी, तेही हात राखून. कढईभर फोडी आळून वाटीभर होतात, आधी अंदाज घेतला तर खारट होणारच.

काळा मसाला मुद्दाम सांगते. मिसळीवर वाढलेला नाशिकचा माणूस, ती चव त्यांच्या ओळखीची आहे.

डी-१०४ काका: काकूंना अनुमोदन. आमच्याकडे उलटा कारभार. निवृत्तीपासून स्वयंपाक माझ्याकडे, आणि हिला भेंडीचा चिकटपणा अजिबात चालत नाही. भेंडी अख्खी धुवायची, पंचावर पसरून पूर्ण कोरडी करायची, मगच चिरायची. सुरी आणि पाटही कोरडा हवा. पाणी लागलं की ती बुळबुळीत होते. परततानाही झाकण नाही, मीठ शेवटी. आंबट काहीतरी हवंच, त्याने चिकटपणा मोडतो. बुधवारी गंगेवरच्या, म्हणजे आपल्या गोदाकाठच्या बाजारातून कैरी आणली होती, तिच्या बारीक फोडी घातल्या. अप्रतिम झाली. आमसूलही चालतं.

सी-४०१: काका, गवारीचं पण सांगा. आमच्याकडे कडवट लागते म्हणून सगळे नाकं मुरडतात.

डी-१०४ काका: शेंग मोडून बघा. कट्कन मोडली तर कोवळी, दोरा निघाला तर जून. फोडणीत ओवा, शेवटी कूट आणि गुळाचा खडा. गवारीला मात्र झाकण लागतं, ती नुसती परतून शिजत नाही.

बी-५०३: गुळावरून विचारते. आमच्या गच्चीतल्या दोडक्याची भाजी आत्ता केली, चांगलीच कडू लागते आहे. गूळ घालून चालेल का?

ए-२०४: अजिबात नको, कृपया सगळी टाकून द्या. दोडका, दुधी, काकडी, गिलकी या वेलांच्या फळांत कधीकधी कुकुरबिटासिन नावाची कडू द्रव्यं वाढतात. कडक ऊन आणि पाण्याचा ताण पडला की हे जास्त होतं. ती विषारी असतात आणि शिजवून जात नाहीत. गुळाने कडूपणा झाकला जाईल, विष तसंच राहील. उलट्या, जुलाब, पोटात कळा येतात. कडू दुधीचा रस प्यायल्याने आपल्या देशात माणसं दगावली आहेत. कारल्याचा कडूपणा वेगळा, तो त्याचा स्वभावच. बाकीचं फळ चिरताना बारीक तुकडा जिभेला लावायचा, कडू लागला तर थुंकायचा आणि ते फळ बाद. घरात कोणी खाल्ली आहे का?

बी-५०३: नाही, मी फक्त चाखली आणि थुंकली. टाकते आहे. आभार!

बी-३०२ काकू: बरं झालं विचारलंस. पाणीकपातीत वेलांकडे दुर्लक्ष होतं, पण एक दिवस कोरडं, एक दिवस बदाबदा असं करू नका. भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी संध्याकाळी मुळाशी घाला, वर वाळका पाला पसरा. फळ वाकडं होऊन सडत असेल तर ती फळमाशी. कोवळं असतानाच कागदाच्या पिशवीत बांधा.

ए-००२: काकू, रात्री तुम्ही सांगितलं तशीच केली, लोखंडी कढईत. पुन्हा वाढून घेतली नाही, पण ताटातली सगळी संपवली. "कडेला भाजलेली बरी लागते" म्हणाले. गिलक्याच्या भाजीला त्यांनी बरं म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं, मला फार आनंद झाला. उद्या भेंडी, काकांच्या पद्धतीने.

बी-३०२ काकू: आता लगेच रोज करू नकोस गं. आठवड्यातून एकदा, मध्ये भजी.

ए-००२: नाही करणार. म्हणूनच बाकीची वाटते आहे. उद्या सकाळी ऊन चढायच्या आत तोडणार, पिशवी वॉचमन काकांच्या टेबलावर ठेवते. हवी त्यांनी आज रात्रीच विंग आणि नंबर टाका. दोन फळं बियांसाठी वेलावर राखली आहेत, त्यांना चिंधी बांधली आहे. खेळताना मुलांनी ती तेवढी तोडू नयेत, घरी सांगा.

सी-४०१: सी-४०१, अर्धा किलो. थालीपीठ सांगूनच करेन!